मुदत सांगा, माणसं टिकतील

ताई, सप्रेम नमस्कार.

नव्यानं आई-बाबा झालेल्यांना हात देण्याचा एक उपक्रम मी चार वर्षांपूर्वी पाच-सहा मैत्रिणींना घेऊन सुरू केला. आठवड्यातून एकदा आमच्यापैकी एकजण त्या घरी जाते. बाळाला घेऊन बसते, आईला झोपू देते, आंघोळीला जाऊ देते, नाहीतर नुसती गप्पा मारते. पगार कोणालाच नाही. सुरुवातीला माणसं आपणहून यायची, यादी चोवीस नावांवर गेली होती. आता प्रत्यक्ष येणाऱ्या सातच उरल्या आहेत. बाकीच्यांना मेसेज टाकला की निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही.

उरलेल्या सात जणींचीही रड वेगवेगळी आहे. एक काकू आहेत, कामात त्यांचा फार जीव आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेलं सरळ खोडून काढतात. 'आमची पोरं पालथी झोपूनच मोठी झाली' म्हणतात. दुसरी एकजण एकाच घरी दोन वर्षं जातेय. ते मूल आता घरभर पळतं, तरी हिचा पाय तिथून निघत नाही, आणि इकडे नऊ कुटुंबं वाट बघत थांबली आहेत. मागच्या महिन्यात रात्री अकराला एका आईचा फोन आला. 'मी नसले तर बाळाचं बरंच होईल' म्हणाली. मी पहाटेपर्यंत तिच्याशी बोलत बसले. सकाळी तशीच कामावर गेले. नवरा म्हणतो, पुरे झालं, बंद कर. मला वाटतं, लोकांतला सेवाभावच आटलाय. तुम्ही सांगा, बंद करू का?

— एक समन्वयक

*

आधी त्या रात्रीच्या फोनबद्दल, बाकीचं मागाहून. त्या आईला पुढे कोणी डॉक्टरांनी पाहिलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाहिलं नसेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आत्ता तिला आणि तिच्या घरातल्या एका जबाबदार माणसाला फोन करा. ती एकटी राहणार नाही आणि आजच्या आज तिला डॉक्टर बघतील, एवढं पक्कं झालं की मग पुढे वाचा.

तुम्ही पहाटेपर्यंत तिच्यासोबत राहिलात, ते माणुसकीला धरूनच होतं. पण तेवढ्यावर भागत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही मन वर येत नसेल, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं असेल, बाळ झोपलेलं असतानाही डोळा लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते दुर्मीळ नाही, आठ-दहा आयांमागे एकीला होतं. आणि हजारात एक-दोघींच्या बाबतीत, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, प्रकरण याच्याही पुढे जातं: नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच संशय येतात, झोप साफ उडते, वागणं एकदम पालटतं. अशा वेळी वाट बघायची नसते, थेट दवाखाना गाठायचा असतो.

यातलं निदान करणं हे स्वयंसेविकेचं काम नाही. ओळखून पुढे सोपवणं मात्र आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेळीच ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली तुमच्या ऐकिवात असेल. दहाच प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे आणि तो आडवळणानं विचारलेला नाही. तुमच्या बायकांनाही तेवढं सरळ विचारता आलं पाहिजे: 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?' विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. 'हो' आलं तर पुढे काय करायचं, कोणाला फोन लावायचा, तो लागला नाही तर दुसरा कोणाला, हे एका कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये असू द्या. रात्रीचे फोन तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर येणं आजपासून बंद. रात्री आठनंतर तुमच्या नंबरवर अडचणीत चोवीस तास कुठे फोन करायचा एवढंच सांगणारा निरोप वाजू द्या. तुम्हाला हे निष्ठुर वाटेल. पण झोपेतून उठलेल्या एका थकलेल्या बाईवर अवलंबून असलेली रात्रीची सोय ही सोयच नव्हे. एखाद्या रात्री तुमचा फोन सायलेंटवर राहिला तर?

आता तुमचा मुख्य प्रश्न. सेवाभाव आटलाय हे मला पटत नाही. पत्र पुन्हा वाचून बघा. काकू, दोन वर्षं एकाच घरी जाणारी ती बाई, रात्र जागणाऱ्या तुम्ही. यात सेवाभाव कुठे कमी दिसतो? उतू चाललाय. कमी आहे ती मुदत. तुमच्या उपक्रमात सुरुवात सगळ्याची आहे आणि शेवट कशाचाच नाही. कुटुंबाला भेटी कधी थांबणार ते माहीत नाही, स्वयंसेविकेला आपण कधी मोकळ्या होणार ते माहीत नाही, तुम्हालाही नाही. अशा ठिकाणी मनानं चांगल्या माणसाला बाहेर पडायची एकच वाट उरते, ती म्हणजे गायब होणं. 'आता जमत नाही' हे तोंडानं म्हणायला लाज वाटते, म्हणून निळ्या टिका. त्या सतरा जणींपैकी निदान निम्म्या अजून तुम्हाला वचकून असतील, रस्त्यात दिसलात तर पलीकडच्या बाजूला जात असतील.

म्हणून पहिलं काम हे करा: त्या सतरा जणींना मोकळं करा. ग्रुपवर नको, एकेकीला स्वतंत्र लिहा. 'तुम्ही केलंत त्याबद्दल आभार. तुमचं नाव आता यादीतून काढतेय, मनात काही ठेवू नका. पुढे कधी सहा महिने काढता आले तर कळवा.' बस्स. टोमणा नको, 'तुमच्याशिवाय अडलंय' नको. तिघी-चौघी परत येतील असा माझा अंदाज आहे, आणि येतील त्या सहा महिन्यांसाठी म्हणूनच येतील. जुन्या ग्रुपला कुलूप लावा. ज्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली 'उद्या कोणी जाऊ शकेल का' हा प्रश्न गाडला जातो, तिथे काम होत नाही.

मुदत तीन जागी घालायची. पहिली कुटुंबाला. १९७३ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मार्गारेट हॅरिसन यांनी 'होम-स्टार्ट' सुरू केलं, तेही तुमच्यासारखंच: स्वतः मुलं वाढवलेल्या माणसांनी आठवड्यातून एकदा, काही तास, लहान मूल असलेल्या घरी जायचं. पन्नास वर्षांनंतरही ते काम चालू आहे. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्वयंसेवकाच्या पाठीशी एक समन्वयक असतो आणि घराला आता आपली कितपत गरज आहे, हे मधूनमधून तपासलं जातं. भेटी कुटुंबाला स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी आहेत हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तुम्ही सहा महिने धरा. पहिल्याच भेटीत, बाळाला हातात घेण्याआधी सांगायचं: 'आपण सहा महिने भेटणार. पहिले चार महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आणि शेवटी फोनवर.' जुळी असतील, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, आई एकटीच सगळं निभावत असेल तर तीन महिने वाढवा. पण वाढवायचं तेही ठरवून आणि तुमच्याशी बोलून. आपोआप लांबत गेलं असं होऊ द्यायचं नाही.

दोन वर्षं एकाच घरी जाणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला मात्र हा नियम तोंडावर फेकू नका. ती नियम मोडत नव्हती, कारण नियमच नव्हता. तिच्याशी बसून बोला. बहुधा असं निघेल की त्या घराला तिची गरज कधीच संपली आहे, तिलाच त्या घराची आहे. मुलाला हिच्या चपलांचा आवाज कळतो, ते दाराशी धावत येतं. कोणाला सोडवेल? तिला सांगा, 'मैत्रीण म्हणून जा, हवं तितकं जा, ते तुमचं तुम्ही दोघी बघा. आमच्या वहीत मात्र हे घर या महिन्याअखेरीस पूर्ण झालं असं लिहायचंय.' आणि लगेच, त्याच आठवड्यात, वाट बघणाऱ्या नऊपैकी एक घर तिला द्या. मध्ये पोकळी राहू देऊ नका.

दुसरी मुदत स्वयंसेविकेला. एका वेळी एकच घर, सहा महिने, मग निदान महिनाभर पूर्ण सुट्टी. सुट्टी संपल्यावर तिनं कळवायचं, आपण मागे लागायचं नाही. यानं संख्या कमी होईल अशी धास्ती वाटेल. होईलही, पहिले काही महिने. पण सात जणी म्हणजे सात घरं, हे आकडे खरे असतील. चोवीस नावांची यादी घेऊन तुम्ही नऊ कुटुंबांना जी आशा लावून ठेवलीय, ती त्यांच्यावर जास्त अन्याय करणारी आहे. बाळाचे पहिले तीन महिने वाट बघण्यात गेले की आपल्या मदतीचा बराचसा उपयोग गेलेला असतो. ज्यांना घेता येणार नाही त्यांना आठवड्याच्या आत स्पष्ट 'नाही' कळवा आणि दुसरीकडे कुठे मदत मिळेल ते सांगा.

घरोघर जाणं जमत नसेल तर फोन हा कमी प्रतीचा पर्याय समजू नका. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बाळंतपणानंतर नैराश्याचा धोका जास्त असलेल्या ७०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना नेहमीची सेवा होती. उरलेल्यांना त्याशिवाय फोनवरून आधार दिला गेला, आणि तो देणाऱ्या तज्ज्ञ नव्हत्या. स्वतः त्यातून गेलेल्या, चार तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आया होत्या त्या. बारा आठवड्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २५ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती, फोन जाणाऱ्यांमध्ये १४ टक्के. यात मला दोन गोष्टी कामाच्या वाटतात. एक, गायब झालेल्या सतरा जणींत अशा असतील ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही, पण दुपारी अर्धा तास फोन जमेल. दुसरं, आपण जे करतो त्यानं खरंच फरक पडतो का हा प्रश्न थकव्यात सगळ्यांना छळतो, तुम्हालाही छळत असणार. फरक पडतो, असं हे आकडे सांगतात.

आता काकू. तुमच्या पत्रातल्या मला त्या आवडल्या, पण त्यांचं ते एक वाक्य धोक्याचं आहे. बाळाला उताणंच झोपवायचं, दुपारी असो की रात्री. याबाबत आता दुमत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक देशांनी हे आईवडिलांना सांगायला सुरुवात केली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण अर्ध्यानं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त खाली आलं. काकूंना हे सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगा: त्या काळी पालथं झोपवा असं डॉक्टरांची पुस्तकंच सांगत होती. त्या चुकल्या नाहीत, माहिती बदलली. वयानं मोठ्या माणसाला एवढी वाट मोकळी ठेवली तर ते माघार घेतं, नाहीतर इरेला पेटतं.

त्यापुढचा नियम सगळ्यांना सारखा ठेवा. झोप, दूध, औषध, ताप, वजन यांवर स्वयंसेविका सल्ला देत नाही. 'माझ्या वेळी असं होतं' हेही नाही, कारण थकलेल्या आईला त्यात आज्ञाच ऐकू येते. म्हणायचं ते एवढंच: 'हे डॉक्टरांना विचारूया. आत्ता फोन लावायचा का? मी बाळ धरते.' या शेवटच्या तीन शब्दांत काकूंचं सगळं कौशल्य येतं, आणि ते त्यांच्याइतकं तुमच्यात कोणाकडे नसेल. रडणारं बाळ खांद्यावर घेऊन पाऊण तास न वैतागता येरझाऱ्या घालणारी बाई आहे ती. तेच त्यांना द्या. इतकं सांगूनही त्या डॉक्टरांचं खोडत राहिल्या, तर घरी पाठवू नका. फोनवरही नको. नव्या मुलींना बाळ कसं धरायचं ते शिकवायला बोलवा. मान राखायचा म्हणून बाळाचा जीव पणाला लावता येत नाही.

मुदतीइतकंच महत्त्वाचं आणखी एक आहे, आणि तुमच्या पत्रात ते कुठेच दिसत नाही: तुमच्या बायकांचं कोण ऐकतं? त्या घरी जातात, दोन तास दुसऱ्याचं रडणं अंगावर घेतात आणि स्वतःच्या घरी येऊन भांडी घासायला लागतात. जिला स्वतःच्या बाळंतपणात फार सोसावं लागलं, तिची जुनी खपली तिथे निघते. ती काही बोलत नाही, पुढच्या आठवड्यात 'ताप आलाय' म्हणते, त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन उचलत नाही. तुम्ही त्याला सेवाभाव आटणं म्हणता.

महिन्यातून एकदा दीड तास सगळ्यांनी बसायचं. यात कामवाटप नाही, हिशोब नाही, नवीन सूचना नाहीत. प्रत्येकीनं कुटुंबाचं नाव न घेता एकच सांगायचं: या महिन्यात काय जड गेलं. उपाय सुचवायला बंदी. (ही बंदी पाळणं सगळ्यात अवघड जातं. आपल्याला दुसऱ्याचं ऐकता ऐकता उपाय सांगायची सवय असते.) शिवाय प्रत्येक भेटीनंतर तीन ओळींची नोंद: काय केलं, आई कशी वाटली, मला कसं वाटलं. तिसरी ओळ वगळायची नाही. लागोपाठ दोनदा 'ठीक' एवढंच आलं तर तुम्ही फोन करायचा, आणि तो कामाचा फोन नाही, चौकशीचा. शक्य असेल तर समुपदेशनाचा अनुभव असलेली एखादी व्यक्ती तीन महिन्यांतून एकदा या बैठकीला बोलवा.

नवीन माणसं कुठून आणायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. ज्यांच्याकडे तुम्ही गेलात त्यांच्याकडून. फक्त, भेटी संपताना विचारू नका. तेव्हा आई कृतज्ञतेपोटी हो म्हणते आणि ते उपकार फेडणं होतं. मूल वर्षाचं झालं की विचारा. आणि वडिलांनाही विचारा. दहातल्या एका बापालाही या काळात नैराश्य येतं, पण सगळे त्याला 'ती कशी आहे?' एवढंच विचारतात. महिन्यातून दोनदा एखाद्या नव्या बापाशी फोनवर बोलणारे दोघं-तिघं पुरुष मिळाले तरी तुमच्या कामाचा नूर बदलेल. तुमच्या नवऱ्याला विचारून बघा. 'बंद कर' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बाहेर ठेवलेला असतो. नाही म्हणाला तर आग्रह नको. त्याचं ऐका मात्र, कारण तुमची रात्र जागण्याची किंमत त्यानं जवळून पाहिलीय.

तिसरी मुदत तुमची. तारीख ठरवा, आजपासून फार तर दीड वर्ष. त्या दिवशी समन्वयाचं काम दुसऱ्या कोणाकडे जाईल. आत्ताच्या सातांमधली एक निवडा आणि पुढच्या आठवड्यापासून तिला अर्धं काम द्या: नव्या कुटुंबाचा पहिला फोन ती घेईल, कोण कुठे जाणार ते ती ठरवेल. ती तुमच्याहून वेगळं ठरवेल, कधी तुमच्या मते चुकीचं. आईच्या किंवा बाळाच्या जिवाशी संबंध नसेल तर गप्प बसा. सगळी माहिती तुमच्या डोक्यात आणि तुमच्या मोबाइलमध्ये असेल, तर तुम्ही आठवडाभर आजारी पडलात की उपक्रमही आजारी. एक वही करा, तिच्यात नंबर, नियम, पहिल्या भेटीत काय बोलायचं, कोणत्या वेळी कोणाला बोलवायचं, हे सगळं उतरवा. तुम्हाला वाटेल हे इतकं काय, सगळ्यांना माहीतच आहे. माहीत नसतं. तुम्हाला विचारलं की मिळतं, म्हणून माहीत आहे असं वाटतं.

हे करून सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तोवर जोडीदारीण मिळाली नाही, महिन्याची बैठक भरली नाही आणि रात्रीचा फोन अजून तुम्हीच उचलत असाल, तर बंद करा. त्यात कमीपणा नाही. पण बंद करण्याचीही रीत आहे. त्या दिवसापासून नवीन कुटुंब घ्यायचं नाही, चालू असलेल्या घरांची मुदत पूर्ण करायची, वाट बघणाऱ्यांना स्वतः फोन करून दुसरीकडची सोय सांगायची. नोंदींमध्ये लोकांची खासगी गोष्ट आहे, तेव्हा त्या कुटुंबांना विचारून परत द्या किंवा फाडून टाका, माळ्यावर ठेवू नका. आणि उपक्रमाचा नंबर लगेच बंद करू नका. निदान सहा महिने त्यावर 'आमचं काम थांबलं आहे, मदतीसाठी इथे फोन करा' असा निरोप वाजू द्या. प्रसूतिगृहातल्या एखाद्या फळ्यावर तुमचा जुना कागद अजून लावलेला असेल, आणि तो बघून कोणीतरी फोन करेल.